चौथ्या पाठाचा शेवट

१

"मॅडम, तुमच्या तिसऱ्या पाठात लिहिलंय ना, अगदी तस्संच झालं हो!"

बुधवारी सकाळी आठ वाजता नम्रतानं फोनवर नमस्काराचा ना चमत्काराचा शब्द न काढता हे वाक्य भार्गवीच्या कानात ओतलं, आणि भार्गवीच्या हातातला चहा जागच्या जागी निवला.

कोल्डरूम नंबर तीन. आत उणे वीस अंश. केरू नावाचा हमाल पावणेसातला कोळंबीची खोकी काढायला आत गेला, मागे दार बंद झालं, आणि साडेसातला कुणी तरी ते बाहेरून उघडलं तेव्हा तो उंबऱ्याशी बसल्यासारखा पडला होता. भुवया पांढऱ्या, मिशीला बर्फ, आणि उजव्या हाताची बोटं दाराच्या पत्र्याला अशी चिकटलेली की कोमट पाणी ओतून ती सोडवावी लागली.

"जिवंत आहे?"

"आहे म्हणतात. सरकारी रुग्णालयात नेलाय. शुद्ध नाही." नम्रताचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, बायका म्हणतायत की..."

"काय म्हणतायत?"

"फोनवर नको. तुम्ही याच."

भार्गवी आगाशे साळवी स्टॉपच्या मागे दोन खोल्यांत राहायची आणि कंपन्यांसाठी मोबाइलवरचे प्रशिक्षणाचे पाठ तयार करायची. चाळीस नियम वाचून दाखवायचे आणि एकेचाळिसाव्याला माणसाला जागं करायचं, असल्या प्रशिक्षणाचा तिला तिटकारा. तिच्या पाठात गोष्ट असायची. एक माणूस, एक अडचण, आणि ऐन मोक्याला गोष्ट थांबून विचारायची, आता तू काय करशील? तुम्ही जे बटण दाबाल तिकडे गोष्ट वळणार आणि तुमच्या अकलेप्रमाणे शेवट पदरात पडणार. नियम म्हटलं की जांभया देणारी माणसं हे पाठ मात्र जेवण विसरून बघायची.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'कातळदीप' या मासळीच्या कारखान्यानं तिच्याकडून असे चार पाठ मागवले होते. पहिल्या पाठात बर्फाच्या यंत्रापाशी एक बाई घसरून पडते. तो पाठ गेला आणि सहाव्या दिवशी चिमा नावाची बाई नेमकी तिथेच पडली, घोटा मोडला. दुसऱ्यात उतारावर ढकलगाडी सुटते. आठव्या दिवशी गाडी सुटली आणि भिंत फोडून पलीकडे गेली. पहिल्या वेळी भार्गवी म्हणाली, योगायोग. दुसऱ्या वेळी तिनं तो शब्द तोंडातून काढला नाही. तिसऱ्या पाठात एक माणूस कोल्डरूममध्ये अडकतो.

चौथा पाठ शुक्रवारी सकाळी दहाला सगळ्यांच्या मोबाइलवर आपोआप जायचा होता. त्यात, साठ बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात त्या हॉलमध्ये अमोनिया वायू शिरतो.

२

कारखान्याच्या फाटकातून ती आत शिरली आणि निळ्या टोप्या घातलेल्या बायकांची कुजबुज नळ बंद करावा तशी थांबली. दोघींनी पदर तोंडाला लावले. एका म्हातारीनं कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. वजनकाट्यापाशी पाय प्लास्टरमध्ये घालून चिमा बसली होती. तिनं सरळ हात जोडले.

"बाय, तुज्या पाया पडते. फुडचं लिवू नको."

"अगं चिमा, ती गोष्ट असते. मी घरी बसून लिहिते."

"माज्या पायाला सांग तसं." चिमानं प्लास्टरवर टिचकी मारली. "काल वाडीतल्या देवळात कौल लावला आमी. डावा पडला. तीनदा लावला, तीनदा डावा."

भार्गवी काही देवाधर्माची विशेष नव्हती, पण पाठीच्या कण्यावरून गोम चालत जावी तसं काही तरी तिच्या अंगातून गेलं. तिनं मनाशी हिशेब मांडला. गोष्ट आपोआप घडत नाही. म्हणजे माझ्या गोष्टी कुणी तरी घडवून आणतंय. आणि चौथी घडवायची तर त्याला हॉलवरच्या अमोनियाच्या नळीला हात लावावा लागेल. साठ बायका आहेत खाली.

ती कोल्डरूम नंबर तीनशी आली. दाराचं रबर पिवळं पडलेलं, पत्र्याला पोचे, आतल्या अंगाला बर्फाची जुनाट पुटं. आणि आतून दार उघडायचा जो हिरवा खटका असतो तो मात्र म्हाताऱ्याच्या बोळक्यात एकच नवा दात बसवावा तसा चकाकत होता. एक आणि दोन नंबरचे खटके तिनं मुद्दाम जाऊन बघितले. दोन्ही रंग उडालेले. बाहेर बोळात भिंतीशी एक रिकामा प्लास्टिकचा क्रेट व्यवस्थित उपडा ठेवला होता. अख्ख्या बोळात दुसरा क्रेट नव्हता.

"बघून झालं?"

मागे यज्ञेश उभा होता. कारखान्याचा व्यवस्थापक. इस्त्रीचा सदरा, आणि आवाज असा की चोर पकडल्यावरही 'बसा ना' म्हणेल. त्याच्या हातात कागद होता.

"तुमच्याच पाठाचं प्रमाणपत्र. केरू, तिसरा पाठ, दहापैकी दहा. माणसाला शिकवलं होतं, खटका नाकासमोर होता, दाबला नाही. आता यात कंपनी काय करणार? सकाळी सकाळी घेतली असेल थोडी."

"कुणी तरी दार बाहेरून बंद केलं असेल तर?"

"त्याची काळजी मी करतो." तो हसला. "तुम्ही शुक्रवारची करा. परदेशी खरेदीदाराचा तपासनीस अकराला येतोय. चौथा पाठ दहाला गेला पाहिजे आणि साठच्या साठ प्रमाणपत्रं पावणेअकराला माझ्या टेबलावर पाहिजेत. पाठ अडला, मॅडम, तर खालच्या बायका म्हणतात ते खरंच आहे असं मी समजेन. तुमच्या लिहिण्यातच काही तरी आहे."

३

चौथा पाठ बाहेर कुणीच बघितला नव्हता. तपासायला पाठवलेली पहिली प्रत फक्त तिघांकडे गेली होती. कामगार अधिकारी नम्रता, व्यवस्थापक यज्ञेश, आणि यंत्रांचा फिटर शिवा. तिघांनी मिळून 'ऑफिस' नावाचं एकच खातं वापरलेलं. त्यामुळे सूचना कुणी लिहिल्या ते कळायची सोय नाही.

दुपारी भार्गवीनं त्या सूचना पुन्हा उघडल्या. चारच होत्या, प्रत्येक पाठाला एक. पहिल्या पाठाला: 'गटाराची जाळी मोडकी दाखवू नका. बाई घाईने चालते म्हणून पडते असे करा.' दुसऱ्याला: 'गाडीचा ब्रेक चांगला दाखवा. चालकाचे लक्ष नव्हते.' तिसऱ्याला: 'खटका पहिल्याच दाबात चालतो असे दाखवा. दाराला क्रेट अडकवू नये असा नियम घाला.' चौथ्या पाठाला तीन शेवट होते. सूचना तिसऱ्या, सगळ्यात वाईट शेवटाच्या पानावर चिकटवलेली: 'भोंगा वाजलेला दाखवा. भोंगा वाजेपर्यंत कुणी जागा सोडू नये असा नियम घाला.'

गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, या धंद्याच्या रीतीनं तिनं चारही बदल मुकाट केले होते. आता तिला एवढंच दिसत होतं की कुणी तरी तिच्या गोष्टी अक्षर न् अक्षर वाचतंय. वाचून बाहेर येतंय. आणि वाचलेलं करतंय.

गुरुवारी सकाळी तिनं आधी नम्रताला गाठलं. नम्रता सावर्ड्याची, पंचविशीतली, आणि भीतीनं नखं मुळापर्यंत खाल्लेली.

"चौथा पाठ वाचलास ना? शेवट कसा वाटला?" भार्गवीनं सहज विचारल्यासारखं विचारलं. लेखकाला हा प्रश्न विचारायची खोड असतेच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

"छान आहे की! सगळ्या बाहेर येतात, काजूखाली बसून चहा पितात. मला रडूच आलं." नम्रतानं डोळे पुसले. "मॅडम, माझी चुलत बहीण आहे हो हॉलमध्ये. पाठ पाठवू नका ना. किंवा पाठवाच, नाही तर साहेब मला काढतील. मला काही कळेनासं झालंय."

शिवा हॉलमध्ये सापडला. पोफळीच्या वीजघरात उमेदवारी केलेला, पन्नाशीचा, बोलायला कंजूष. तो छतालगत शिडीवर चढून एका नळीच्या सांध्याला गोणपाट गुंडाळत होता आणि वरून तांब्यानं पाणी ओतत होता.

"हे काय, शिवाभाऊ?"

"घाम येतो सांध्याला," तो म्हणाला. खाली उतरताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"तीन नंबरचा खटका तुम्ही बदललात."

तांब्या हातातून निसटून ठणठणत गेला. "साहेबांनी सांगितलं. केरूला गाडीत घालीत होते तेव्हाच. खटका स्टोअरात होता पावसाळ्यापासून. ताई, मना आणखी नका विचारू. माजी दोन पोरं शिकतायत."

"बरं, एवढंच सांगा. चौथ्या पाठाचा शेवट कसा वाटला?"

"त्या दोघी बायका बेशुद्ध पडतात ना, पायरीवर? तिथं मी बंद केला." शिवानं तोंड फिरवलं. "फुडचं बघवलं नाय."

वरच्या गोणपाटातून एक थेंब भार्गवीच्या मनगटावर पडला. तिनं तो हुंगला, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

४

"शेवट?" यज्ञेश खुर्चीत मागे रेलला. "अहो, मी पाठबिठ वाचत नाही. मला वेळ कुठे? ते नम्रता बघते."

त्याच्या खोलीला हॉलच्या बाजूला काचेची मोठी खिडकी होती. हॉलमध्ये बायका निळ्या टोप्या खाली घालून बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही, पण प्रत्येकीला भार्गवी खिडकीत आहे हे ठाऊक होतं. चाकू चालायचे थांबले होते, हे काचेतूनही कळत होतं.

"सूचना 'ऑफिस'च्या नावानं आल्यात. चौथ्या पाठाची सूचना कुणी केली?"

"शिवानं केली असेल. यंत्राचं त्यालाच कळतं. आणि खरं सांगू? तुमचा संशय बरोबर आहे. कुणी तरी मुद्दाम करतंय. शिवाचं आणि केरूचं गणपतीत भांडण झालं होतं. मी पोलिसांना सांगणारच आहे." तो पुढे वाकला. त्याचा आवाज अगदी मायेचा झाला. "तुम्ही एकट्या राहता ना हो साळवी स्टॉपला? कशाला या भानगडीत पडता? गोष्टी लिहा तुम्ही. पण जरा हलक्याफुलक्या लिहा. ते रिकाम्या बाकांवर पडलेले साठ एप्रन वगैरे बघून उद्या एक तरी बाई कामावर येईल का?"

भार्गवी जिना उतरली. 'तुम्ही एकट्या राहता ना' हे शब्द तिच्या मागोमाग पायरीपायरीनं खाली येत होते. फाटकाशी पोचेपर्यंत शिवाच गुन्हेगार, असं तिचं जवळजवळ ठरलं होतं. खटका त्यानं बदलला, नळी त्याच्या हातात, भांडण त्याचं.

फक्त एक गोष्ट तिला समजत नव्हती. ज्याला साठ बायका मारायच्या आहेत तो रोज शिडीवर चढून सांध्यावर पाणी कशाला ओतेल?

५

सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात केरूची बायको सखू भिंतीला टेकून बसली होती. लांज्याजवळच्या वाडीतली, सुकलेल्या सुपारीसारखी बारीक आणि टणक. ती हॉलमध्ये कोळंबी सोलायची. पाठ लिहिण्याआधी भार्गवीनं कारखान्याच्या चहाच्या खोपटात बायकांना जमवून विचारलं होतं, इथे वाईटात वाईट काय घडू शकेल, मनातली गोष्ट सांगा. सगळ्या गप्प. एकट्या सखूनं पटापट चार गोष्टी सांगितल्या होत्या. भार्गवीला तेव्हा वाटलं होतं, काय कल्पनाशक्ती आहे बाईची!

सखूनं तिला बघून पाय आवरले, पण पदर तोंडाला लावला नाही.

"तू घाबरत नाहीस मला?"

"तुमाला कशाला घाबरू? गोष्टी माज्या हायत."

व्हरांड्यातून एक खाट खडखडत गेली. भार्गवी तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"सखू, त्या गोष्टी तू मनानं रचल्या होत्यास ना?"

"मना कशी रचता येणार? मी काय शिकलेली हाय?" सखू शांतपणे म्हणाली. "जाळी दोन वर्सं मोडकी हाय. चिमाच्या आधी तिघी पडल्या तितं. गाडीचा ब्रेक कदी लागलेला मी बगितलाच नाय. तीन नंबरचा खटका दुसरा हमाल हाय ना, विनोद, त्याच्या हातात दोनदा निघून आला. खरं म्हणून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामाला बोलवलं नसतं. तुमी म्हणालात मनातली सांगा. मग सांगितली मनातली."

"पण मग पाठ गेल्यावरच का घडायला लागलं?"

"आदीपण घडत होतं. कोण मोजीत होतं? तुमचे पाठ आल्यावर बायका मोजायला लागल्या."

भार्गवीला क्षणभर हलकं वाटलं. कुणी तिच्या गोष्टी घडवत नव्हतं. मग तिला तो उपडा क्रेट आठवला, आणि विचारू नये तो प्रश्न तिनं विचारला.

"केरू दाराला क्रेट लावायचा?"

"रोज. खटक्यावर इस्वास नाय म्हणून सगळेच लावायचे. मंगळवारी माज्या मोबाइलवर तुमचा तिसरा पाठ बगितला त्यानं. म्हणाला, सखू, खटका दुरुस्त केलानी वाटतं, पाठात पयल्या दाबात उघडतोय. आता क्रेट नको, पाठात नको म्हणून लिवलंय." सखूनं खोलीच्या दाराकडे बघितलं. "मानूस साधा हाय माजा. छापलेलं खरं मानतो."

भार्गवीनं मोबाइल काढून तिसरा पाठ उघडला. खटका तिनं चालवला होता. क्रेट तिनं काढायला लावला होता. लिहून, चित्र काढून, दहापैकी दहा गुण देऊन.

"आणि चौथी गोष्ट?" तिनं कसंबसं विचारलं.

"भोंगा गणपतीपासून मुका हाय. सांदा गळतो. शिवाभाऊ पानी मारतो, ओल्या गोणपाटात वास जिरतो म्हणून चाललंय."

'भोंगा वाजेपर्यंत कुणी जागा सोडू नये.' उद्या दहा वाजता साठ बायकांना ती हेच शिकवणार होती.

६

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पहाटे तिनं पाठ थांबवला. सरकारी कार्यालयात तक्रार आदल्या संध्याकाळीच लिहून झाली होती, माणूस सोमवारी येईल असं उत्तर मिळालं होतं. सोमवार! तिनं पंधरा मिनिटांत आवरलं आणि साडेनवाला ती यज्ञेशच्या खोलीत उभी राहिली. नम्रता आणि शिवा यांनाही तिनं तिथेच बोलावून घेतलं होतं.

"पाठ जाणार नाही," ती म्हणाली. "का ते सांगते. माझ्या पाठाला तीन शेवट असतात. माणूस ज्या वाटेनं जातो तो शेवट त्याला दिसतो, बाकीचे दोन दिसतच नाहीत. नम्रतानं सगळी बरोबर बटणं दाबली. तिच्या बायका बाहेर येऊन चहा पितात. शिवाभाऊंनी एक चूक केली. त्यांच्या दोघी पायरीवर बेशुद्ध पडतात. 'भोंगा वाजलेला दाखवा' ही सूचना तिसऱ्या शेवटाच्या पानावर आहे. पहिल्या प्रतीत तिथे भोंगा वाजतच नाही, आणि शेवटच्या चित्रात रिकाम्या बाकांवर साठ एप्रन पडलेले असतात."

नम्रतानं दोघांकडे बघितलं. "कसले एप्रन?"

"बघितलंत? तिला माहीत नाही. शिवाभाऊंना माहीत नाही. पाठ कधीच न वाचणाऱ्या साहेबांना मात्र काल ते एप्रन पाठ होते."

यज्ञेशचा चेहरा तसाच राहिला, फक्त टेबलावरचा पेन त्यानं सरळ केला. "बरं, वाचला. वाचणं गुन्हा आहे?"

"एखाद्याला कारखान्याची माहिती नसती तर त्यानं वाक्यं दुरुस्त केली असती, चित्र बदलायला सांगितलं असतं. तुम्ही चार पाठांत चारच ठिकाणी बोट ठेवलंत. जाळी, ब्रेक, खटका, भोंगा. जे खरंच मोडलेलं आहे नेमकं तेच. दुखरी जागा कुठे आहे ते ज्याला ठाऊक असतं तोच नेमका तिथे हात धरतो. तुम्ही खुनी नाही, साहेब. कुणी केरूला कोंडलं नाही. तुम्ही फक्त कारखाना दुरुस्त करायच्या ऐवजी गोष्ट दुरुस्त केलीत, आणि ती मला करायला लावलीत."

"नवा खटका आणून ठेवला होता मी!"

"तीन महिने स्टोअरात."

"खोली एक दिवस रिकामी करावी लागली असती! हंगामात?" तो ओरडला, मग सावरला. "भोंगा मुका आहे याला पुरावा काय?"

भिंतीवर भोंग्याची लाल पेटी होती. तपासणीचं बटण, झाकणाखाली. भार्गवीनं बोट केलं. "दाबा."

यज्ञेशनं पेटीकडे पाठ केली. खाली चाकूंची टकटक ऐकू येत होती. मग शिवा पुढे झाला, त्यानं झाकण उघडलं आणि अंगठा रोवला. शिवाचं नख पांढरं पडलं, तरी पेटी गप्प. नम्रताच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, तेवढाच काय तो त्या खोलीतला भोंगा.

"आज दुपारपर्यंत," यज्ञेश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तपासनीस जाऊ दे. चारला कंटेनर भरू दे. उद्या सगळं बंद ठेवतो, आईशप्पत. सहा-सात तासांत काय होतंय?"

शिवानं नाक वर केलं. दोनदा हुंगलं. आणि काही न बोलता जिन्यानं धावत सुटला, यंत्रघराकडे.

भार्गवी त्याच्या मागोमाग हॉलच्या दारात आली. छतालगतच्या गोणपाटातून थेंब नाही, धार लागली होती, आणि तिच्याभोवती हवा धुरकट दिसत होती. खालच्या बाकावरच्या दोघी डोळे पुसत होत्या, पण हात चालूच. रोजचाच वास. रोजचीच रड. "बाहेर चला!" ती ओरडली. चार जणींनी माना वर केल्या आणि काचेच्या खिडकीकडे बघितलं. तिथे यज्ञेश दोन्ही हातांनी 'बसा, बसा' अशा खुणा करत होता. माना पुन्हा खाली गेल्या. उठलं तर उद्या बोलावणं नाही.

तिच्या सांगण्यानं कुणी उठणार नव्हतं. सगळं नीट समजावायला अर्धा तास हवा होता, आणि धार जाड होत होती.

तेव्हा भार्गवीनं पिशवीतून मोबाइल काढला, डोक्याच्या वर धरला, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला.

"चौथा पाठ चालू करत्ये मी! आत्ता! इथे!"

मग जे झालं ते वसाहतीतले लोक अजून सांगतात. साठ बायका, तीन दारं, आणि निम्मं मिनिट. बाक उलटले, कोळंबीचे ढीग लादीवर पसरले, एका म्हातारीनं वजनकाटा ओलांडून उडी घेतली, आणि प्लास्टरातली चिमा सगळ्यांच्या आधी फाटकापाशी होती. काही जणी ओरडत होत्या, काही जणी ग्रामदेवतेचं नाव घेत होत्या. बऱ्याच जणी भार्गवीचं नाव घेत होत्या, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या काजूच्या झाडांखाली पोचल्या आणि आत बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. मग लांबलचक फुस्कार. खिडक्यांमधून पांढरं काही तरी संथपणे बाहेर आलं. भोंगा वाजला नाही. तोंडाला मास्क बांधलेला शिवा आतून आला तो यज्ञेशला काखेत धरून, आणि यज्ञेशच्या डोळ्यांतून पाणी असं वाहत होतं की कुणाला वाटावं, माणसाला पश्चात्ताप झाला.

भार्गवी एकेका टोपीवर बोट ठेवत होती. सखू रुग्णालयात, म्हणजे एकोणसाठ हव्यात. एकोणसाठ.

७

केरूच्या तीन बोटांची पेरं गेली. चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. यज्ञेशवर खटला उभा राहिला, त्यात भार्गवीला आलेल्या चार सूचना पुरावा म्हणून लागल्या, आणि भार्गवीनं स्वतःच्या तिसऱ्या पाठाचं पानही न विचारता जोडून दिलं. केरूपुढे तिला दोन शब्द बोलायचे होते. ते जमले नाहीत. त्यानंच पट्टी बांधलेला हात हलवून म्हटलं, "बाय, बसा. चाय घ्या."

बायकांची मात्र समजूत पटली ती पटलीच. तीन पाठांनंतर तीन अपघात, आणि चौथा तर बाईनं समोर उभं राहून घडवला! भार्गवी बस स्टँडवर दिसली की निळ्या टोप्या रस्ता बदलायच्या. ती सखूला म्हणाली, "एकदा सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगते."

"नको," सखू म्हणाली. "नवा साहेब आलाय. पंखा बंद पडला तर आमी म्हणतो, बायला गोष्ट सांगू काय? संध्याकाळपर्यंत पंखा चालू. तुमी कशाला मधी येताय?"

केरूला हमाली जमेनाशी झाली तशी ती दोघं गावी परत गेली. भार्गवीनं पुन्हा पाठ लिहायला घेतले, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कारखान्यांचे. गिऱ्हाईकाची सूचना आली की ती आधी गाडी काढते आणि ती जागा स्वतः बघून येते. धंदा निम्म्यावर आलाय.

परवा दुपारी तिच्या मोबाइलवर सखूचं नाव उमटलं. मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती.

"बाय, मी आता हितं लांज्याला, काजूच्या कारखान्यात. जेवायची सुट्टी हाय. मनात एक गोष्ट आली. सांगू?"

भार्गवीनं पेन शोधला. तिनं कागद ओढला.

"कशाची गोष्ट, सखू?"

"बॉयलरची," सखू म्हणाली. "लवकर लिवा. सुट्टी संपल, मना परत आत जायचं हाय."